पर्समधला पुडा आणि उतरलेली साखर

मुंबईत माहुलहून घाटकोपरला पोळ्या करायला जाणाऱ्या एका मावशींनी परवा पर्स पलंगावर उलटी केली. ‘शुगर उतरली तर’ म्हणून त्या काय काय बाळगतात ते मला पाहायचं होतं. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, शेंगदाण्याची चिक्की, वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट, ओआरएसचं पाकीट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन गाठी मारून ठेवलेली खडीसाखर. तयारी दांडगी होती, पण ऐन वेळी आधी हात घालावा अशी एकही वस्तू त्यात नव्हती.

तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या 2017 मध्ये हटवल्या तेव्हा मावशी माहुलच्या इमारतींत आल्या. घर हललं, कामं मात्र जुन्या वस्तीजवळच राहिली. सकाळी ग्लिमेपिराईडची गोळी घ्यायची आणि ‘तिकडे पोचल्यावर काहीतरी खाईन’ म्हणत बस पकडायची. माहुलला रेल्वे स्टेशन नाही. बस अडकली की न्याहारी लांबते. गोळीला त्याचं काय? ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवतच राहतात. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायला जाणाऱ्या कोळणीची आणि रिफायनरीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराची हीच गत. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांची साखर मात्र क्वचितच धोकादायक उतरते.

रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती ‘लो’ धरतात. 54 च्या खाली मेंदूला कमी पडू लागते. हात थरथरणं, छातीत धडधड, दरदरून घाम, एकदम कडाडून भूक, विनाकारण चिडचिड ही नेहमीची लक्षणं. मुंबईत घामाचं कौतुक कुणालाच नाही, त्यामुळे ‘उकडतंय’ म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. पुढे बोलणं अडखळतं, तोल जातो आणि बसमधले लोक माणूस प्यायलाय असं समजून बाजूला सरकतात.

आता त्या पर्सकडे वळू. सगळ्यात घट्ट बसलेला समज बिस्किटाचा. ‘नावातच ग्लुकोज आहे की!’ पार्ले कंपनी 1929 ची, विलेपार्ल्याची. तिच्या बिस्किटाचं आधीचं नाव पार्ले ग्लुको, आणि आजच्या नावातला ‘जी’ त्याच ग्लुकोजचा. चहात बुडवून खायला त्याला तोड नाही, हे मीही मान्य करतो. पण बिस्कीट म्हणजे मुख्यतः मैदा, वर साखर आणि तेल. मैदा पचून त्याची साखर व्हायला वेळ लागतो, तेल तो वेळ आणखी वाढवतं. शिवाय घशाला कोरड पडलेली असताना कोरडं बिस्कीट चावून गिळायचं कसं? ते कामाचं आहे, पण दुसऱ्या पाळीत. चिक्की आणि चॉकलेटचा दोषही तोच: स्निग्धांशामुळे अन्न पोटातून पुढे सरकायला उशीर होतो. वडापावबद्दल वेगळं सांगायला नको.

‘ओआरएस पाजा, त्यात ग्लुकोज असतं.’ असतं, पण किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात मिसळायच्या पाकिटात 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे 200 मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. ते जुलाबासाठी आहे. शहाळ्याच्या पाण्यातही साखर बेताचीच. आणि ‘डायट’ किंवा ‘शुगर फ्री’ लिहिलेलं शीतपेय या वेळी साध्या पाण्याइतकंच निरुपयोगी. घाईत दुकानदाराकडून ‘शुगरवाल्यांचं’ म्हणून नेमकी तीच बाटली हातात पडते.

मग हवं काय? 15 ते 20 ग्रॅम ग्लुकोज, लगेच रक्तात जाईल असं. मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर सगळ्यात चांगली. डब्यावर ‘डेक्स्ट्रोज’ लिहिलंय ना, एवढं बघा. चहाचे चार सपाट चमचे घ्यायचे, थोड्या पाण्यात ढवळून किंवा तसेच तोंडात टाकून वर पाणी प्यायचं. नसेल तर तेवढीच साधी साखर पाण्यात विरघळवून. साखर घातलेलं शीतपेय किंवा फळाच्या रसाचा छोटा खोकाही चालतो, पण 15 ग्रॅम साखर पोटात जायला किती प्यावं लागेल ते लेबलवर आधीच पाहून ठेवा. खडीसाखर तोंडात विरघळायला वेळ लावते. ‘साखर वाईट, गूळ चालतो’ हा समज तर दोन्हीकडून चुकीचा: गूळही बहुतांशी साखरच आहे, म्हणून एरवी तो निर्धोक नाही, आणि अशा वेळी साखर वाईट नसते, ती औषध असते.

इथे एक बारकावा, जो गोळ्यांची चिठ्ठी देताना कुणी सांगतंच असं नाही. काही जणांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज मिसळलेलं असतं. ही औषधं आतड्यात साध्या साखरेचे तुकडे होणंच लांबवतात. त्या माणसाला साखरेचं पाणी दिलं, तर ते पोटात पडून राहतं आणि रक्तातली साखर लवकर वर येत नाही. त्याला ग्लुकोजच हवं. पट्टीच्या मागचं नाव आज वाचून घ्या. मावशींच्या पट्टीवर तीन नावं होती, आणि तिसरं व्होग्लिबोज.

औषधाने उतरलेली साखर ग्लुकोजने सावरते, हे इन्सुलिन सापडलं त्या काळापासून माहीत आहे. टोरंटोच्या प्रयोगशाळेत सशांना इन्सुलिन टोचलं की आचके येत आणि ग्लुकोज टोचलं की ते सावरत. इन्सुलिनचं सुरुवातीचं एकक या आचक्यांवरूनच ठरलं होतं.

ग्लुकोज घेतल्यावर 15 मिनिटं थांबून पुन्हा साखर तपासायची. 70 च्या खालीच असेल तर तेवढीच मात्रा परत. हात धुऊन तपासा, बोटाला ग्लुकोज चिकटलेलं असेल तर यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं. यंत्र जवळ नसेल तर तपासायची वाट न बघता आधी घ्या. साखर वर आली की मग बिस्कीट, चपाती, केळं, जे असेल ते खा. इथे पुष्कळ जण चुकतात: बरं वाटलं की कामाला लागतात आणि तासाभराने पुन्हा कोसळतात, कारण गोळीचा अंमल अजून संपलेला नसतो. वयस्कर किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

राहिली गोष्ट ग्लुकोज कशात ठेवायचं याची. मावशींना मी खडीसाखरेच्या पिशवीची गाठ सोडायला सांगितली. शांत बसून, हात धड असताना अर्धं मिनिट लागलं. थरथरत्या बोटांनी ती सुटली असती? आम्ही औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी, फिरकीच्या झाकणाची डबी धुऊन कोरडी केली आणि चार चमचे ग्लुकोज मोजून भरलं. पावसाळ्यात त्याचे गोळे होतात, म्हणून महिन्याला बदलायचं ठरलं. रिफायनरीच्या गेटवर काडेपेटी, लायटर, मोबाइल काढून ठेवावे लागतात; तिथे काम करणाऱ्यांनी अशी डबी खिशात ठेवण्याबद्दल सुपरवायझरशी आधीच बोलून घ्यावं.

बिस्किटाचा पुडा मावशींनी पर्समध्ये परत टाकला. डबी मात्र ब्लाऊजला लावलेल्या कापडी बटव्यात गेली, कारण पर्स बसच्या गर्दीत खांद्यावरून पाठीमागे जाते. तुमची डबी कुठे आहे ते घरातल्या एकाला आणि कामावरच्या एकाला आजच सांगून ठेवा.