ट्रॉल जाळ्याची निवडक्षमता

जाळ्यात शिरलेल्या जलचरांपैकी कोणत्या आकाराचे किती अडकतात व किती निसटतात, याच्या मोजमापास ट्रॉल जाळ्याची निवडक्षमता म्हणतात. किमान वैध आकारापेक्षा लहान कवचधारी प्राण्यांची पकड कमी करण्यासाठी नव्या जाळ्यांच्या चाचण्या याच मोजमापावर आधारलेल्या असतात. उत्तर युरोपातील नॉर्वे लॉब्स्टरची मासेमारी हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

रचना

ट्रॉल जाळे नौकेमागून ओढले जाते व पकड त्याच्या शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, साठते. निवड मुख्यतः येथेच होते. शंकरपाळ्याच्या आकाराचे आस (जाळ्याची छिद्रे) ओढीच्या ताणाने मिटतात. चौकोनी आस ताणाखालीही उघडे राहतात. त्यामुळे आसाच्या मापाइतकाच त्याचा आकारही महत्त्वाचा ठरतो. शिवाय लॉब्स्टरच्या नांग्या व पाय जाळ्यात गुंतत असल्याने सारख्याच लांबीच्या दोन प्राण्यांपैकी एक निसटतो, तर दुसरा अडकतो.

चाचणी

आच्छादन पद्धतीत खोल्यावर बारीक आसाचे दुसरे जाळे चढवून निसटलेले प्राणी गोळा करतात. जुळ्या ट्रॉलच्या पद्धतीत एकच नौका दोन जाळी शेजारी-शेजारी ओढते. एकाला चाचणीचा, तर दुसऱ्याला बारीक आसाचा खोला असतो. प्राण्यांच्या पृष्ठकवचाची लांबी मोजून प्रत्येक लांबीला किती टक्के अडकले, हे काढले जाते. ज्या लांबीचे ५० टक्के प्राणी अडकतात, ती जाळ्याची निवडलांबी होय. २५ व ७५ टक्क्यांच्या लांबींतील अंतरास निवडकक्षा म्हणतात. ही कक्षा रुंद असल्यास लहान प्राण्यांबरोबर विक्रीयोग्य प्राणीही निसटतात व मच्छीमारांचे उत्पन्न घटते.

स्कागेराक व कॅटेगाट

या समुद्रांत पूर्वी पृष्ठकवचाची किमान लांबी ४० मिमी होती. मात्र वापरातील जाळ्यांत त्याहून लहान लॉब्स्टर मोठ्या संख्येने अडकत व ते समुद्रात परत टाकावे लागत. २०१६ मध्ये ही मर्यादा ३२ मिमी करण्यात आली. स्वीडनमध्ये जाळीत ३५ मिमी अंतराच्या गजांची चाळण व ७० मिमी चौकोनी आसाचा खोला एकत्र वापरला जातो. चाळणीमुळे कॉडसारखे मोठे मासे बाहेर पडतात, तर चौकोनी आसांतून लहान लॉब्स्टर निसटतात.

मर्यादा

निसटलेला प्राणी जगला, तरच निवडक्षमतेचा साठ्याला लाभ होतो. त्यामुळे निसटलेल्या प्राण्यांच्या संख्येबरोबर त्यांचे जगण्याचे प्रमाणही विचारात घ्यावे लागते.