आधी मुदत विचारा

अमेरिकेत १९७८ साली घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. तिथला माझा पुतण्या ती स्टीलच्या पिंपात साठवतो. मित्रांना द्यायची तर बाटल्या भराव्या लागतात. "काका, त्यासाठी कोणतं यंत्र घेऊ?" माझा जन्म बँकेत गेलेला. म्हटले, "मुदत किती?"

त्यावरच निवड ठरली. संध्याकाळपर्यंत संपणाऱ्या बाटलीला पिंपाच्या तोटीला जोडलेली साधी नळी पुरते. बिअर आणि बाटली थंडगार, दाब कमी, नळी तळाला टेकलेली असली, की फेस आवरतो. महिनाभर ठेवायची, तर हवेतला प्राणवायू चव शिळी करतो. मग आधी कार्बन डायऑक्साइडने हवा हुसकावून दाबाखाली भरणारे यंत्रच हवे. झाकण मात्र दोन्हीकडे फेसावरच लावायचे.

किंमत सगळेच विचारतात; मुदत आधी विचारावी.