चावी फिरवली अन् सेल्फ गप्प? मिनी ट्रॅक्टरची बॅटरी बदलण्याआधी वायरीचा माग काढा

बेळगाव : पावसाने दोन दिवस उघडीप दिली, रानाला वाफसा आला, उसाची भरणी उरकून घ्यावी म्हणून सकाळी शेडमध्ये जाऊन चावी फिरवावी, तर मिनी ट्रॅक्टर नुसता ‘खट’ करून गप्प. खानापूर, चंदगडचा पावसाळी पट्टा असो की निपाणी, चिकोडीकडचे रान, पावसाळ्यात ही तक्रार ठरलेलीच. आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला : ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’

काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते. ती बसवताना टर्मिनल हलतात, थोडे घासले जातात, ट्रॅक्टर चालू होतो. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. कारण बिघाड बॅटरीत नव्हताच, तो वायरीत होता.

एक जाड वाट, एक बारीक वाट

सेल्फला करंट दोन वाटांनी लागतो. जाड वाट म्हणजे बॅटरीच्या प्लसपासून जाड केबलने सोलेनॉइडवर, तिथून सेल्फ मोटरमध्ये, मोटरच्या बॉडीतून इंजिनात आणि अर्थिंगच्या पट्टीतून परत बॅटरीच्या मायनसवर. बारीक वाट म्हणजे फ्यूज, चावीचा स्विच, क्लचखालचा सेफ्टी स्विच (काही मॉडेलना न्यूट्रलचाही असतो) आणि तिथून सोलेनॉइडची छोटी पिन. बारीक वाटेने हुकूम जातो, जाड वाटेने ताकद जाते. यातले नेमके काय तुटले आहे हे आधी ठरवायचे.

त्यासाठी सोपी युक्ती आहे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावायचे आणि सीटवर बसून क्लच दाबून चावी फिरवायची. लाइट जशास तसे आणि आवाजच नाही, तर दोष बारीक वाटेत. लाइट एकदम मंद झाले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा जाड वाटेचा जोड ढिला आहे. ‘कट-कट-कट’ असा सलग आवाज आला, तरी हेच. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येते, तो पुन्हा ओढला जातो. लाइट ठीक आणि एकच जोराचा ‘खट’, तर बहुतेक सोलेनॉइडच्या आतला तांब्याचा कॉन्टॅक्ट जळालाय किंवा सेल्फचे कार्बन संपलेत. तो सेल्फ उतरवून दुकानातच न्यावा.

बॅटरीची खात्री दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने होते. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ ला निम्मी, १२ च्या खाली उतरलेली. सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा यायला हवा. तो येत नसेल तर डायनॅमो चार्ज करत नाही, आणि मग नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत उतरणार.

अर्थिंग : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

लहान डिझेल इंजिन फिरवायलाही सेल्फ शंभराच्या वर अँपिअर खेचतो. हिशेबाला १५० अँपिअर धरू. गंजलेल्या जोडात ०.०२ ओहम एवढाच अडथळा आला, तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट त्या जोडातच खर्च झाले. बारापैकी तीन असे वाटेतच गेल्यावर सेल्फ काय फिरणार? त्याच जोडात ४५० वॅट उष्णता तयार होते. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर चावी बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून बघा. जो गरम लागेल तोच चोर.

पाच वॅटचा दिवा मात्र त्याच जोडातून झकास पेटतो, कारण त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. ‘हॉर्न वाजतोय, दिवा लागतोय, म्हणजे वायरिंग ठीक’ हे म्हणणे इथेच फसते.

आपल्याकडे अर्थिंग बिघडायला कारणेही आपलीच आहेत. खंडेनवमीआधी ट्रॅक्टर धुऊन, रंगवून घेतात. पट्टी सोडून मधे रंग मारला जातो आणि पुन्हा बोल्ट आवळला जातो. रंगातून करंट जात नाही. पावसाळ्यातला दमटपणा आणि बॅटरीतून सुटणारी ॲसिडची वाफ यांनी टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते ती वेगळीच.

मायनस आधी सोडायचे, मग प्लस. बसवताना उलट. टर्मिनलवर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकायचे, पण ते बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचे नाही. मग पॉलिश पेपरने धातू चकचकीत करायचा. पट्टीखालची बॉडीही रंग खरवडून उघडी करायची. घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावायची. काम झाल्यावर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या बॉडीवर धरून, सीटवरच्या माणसाला सेल्फ मारायला लावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग अजून कच्चे आहे.

बारीक वाटेचा तपास

इथे १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. सोलेनॉइडच्या छोट्या पिनची वायर काढा, म्हणजे इंजिन फिरण्याची भीती नाही. लॅम्पचे एक टोक त्या वायरला, दुसरे बॉडीला. सीटवरच्या माणसाने क्लच दाबून चावी स्टार्टला धरावी. लॅम्प पेटला तर हुकूम येतोय. नाही पेटला तर मागे मागे चला : क्लच स्विचच्या दोन्ही बाजू, मग चावीचा स्विच, मग फ्यूज. जिथे एका बाजूला पेटतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तिथेच खोट. शेडमध्ये पाला, पेंढा साठवला असेल तर उंदरांनी वायर कुरतडलेली सापडते. सर्व्हिसिंगला प्रेशरचे पाणी मारल्यावर चावीच्या स्विचमध्ये पाणी जाणे हेही नेहमीचे.

लॅम्प पेटतो पण मिणमिणता, आणि चावी चार-पाचदा फिरवल्यावर कधीतरी सेल्फ लागतो, असे असेल तर चावीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. स्विच बदलावा, किंवा जाणकार इलेक्ट्रिशियनकडून मधे रिले टाकून घ्यावा. हॉर्नचे बटण लावून ‘डायरेक्ट’ करणे हा उपाय नव्हे. सोलेनॉइड ओढताना लागणारा करंट त्या बटणाला झेपत नाही.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, हा वेगळा विषय. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिलाय का, डिझेल आहे का, लाइनमध्ये हवा शिरली का, हे बघावे. सेल्फ १० सेकंदांपेक्षा जास्त एका दमात मारू नये, मधे अर्धा मिनिट थांबावे. आणि दुसऱ्या गाडीवरून जंप देताना ती १२ व्होल्टचीच हवी. मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फ मारू नका

खाली उभे राहून सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, ठिणगी उडते, इंजिन सुरू होते. गावोगावी हे सर्रास चालते. या प्रकारात चावीचा स्विच आणि क्लच स्विच दोन्ही बाजूला पडतात. गिअर पडलेला असेल तर इंजिन धरताक्षणी ट्रॅक्टर चालू लागतो, आणि माणूस उभा असतो पुढच्या-मागच्या चाकाच्या मधे. डिझेल इंजिनला चालू राहायला चावी लागत नाही, त्यामुळे ते आपोआप बंदही पडत नाही. मागचे चाक अंगावर यायला दोन पावलांचेच अंतर असते. न्यूट्रल आहे असे ‘वाटणे’ यात कामाचे नाही. बॅटरीजवळ हायड्रोजन साठलेला असतो, तिथे ठिणगी हा आणखी एक धोका.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून तपासावे, कारण खराब झालेला क्लच स्विच बदलण्याऐवजी त्याच्या दोन वायरी पिळून जोडून दिलेल्या असतात. सीटवर बसून, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, क्लच न दाबता चावी फिरवा. ज्या मॉडेलला क्लच स्विच आहे त्याचा सेल्फ अशा वेळी लागताच कामा नये. लागला, तर नवीन स्विच बसवून मगच ट्रॅक्टर रानात घाला.