विरळ हवेकडे, सावकाश

हिमालयात एका दिवसाची चढाई करायची म्हटलं की बहुतेक जण विमानाचं तिकीट, भाड्याची गाडी, भारी जाकीट असा हिशेब मांडायला बसतात. मला हा हिशेब उलटा वाटतो. उंचीवर शरीराला सगळ्यात जास्त हवा असतो तो वेळ, आणि साध्या बसने, टप्प्याटप्प्याने वर जाणाऱ्याला तो आपसूक मिळतो. स्वस्त प्रवास आणि शहाणा प्रवास इथे एकाच रस्त्याने जातात. हे कसं घडतं ते समजून घेताना मी अजूनही थक्क होतो.

उदाहरण घेऊ गढवालातल्या चोपत्याचं. रुद्रप्रयाग जिल्ह्यातली ही एवढीशी वस्ती साधारण 2,700 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटरने जास्त उंच. इथून दगडी फरसबंदीची वाट साडेतीन-चार किलोमीटर चढत तुंगनाथाच्या देवळापाशी पोचते. पंचकेदार या शंकराच्या पाच देवळांपैकी हा तिसरा केदार आणि पाचांमध्ये सगळ्यात उंचावरचा. देवळामागून आणखी दीड किलोमीटरच्या आत चंद्रशिलेचं टोक. या टोकाची उंची अनेक ठिकाणी 4,000 मीटर छापलेली आढळते, पण तिच्याच शेजारी दिलेल्या 12,083 फुटांचे मीटर करून पाहा, 3,683 भरतात. आपण सुमारे 3,700 धरू. थक्क व्हायला तेवढे पुरेसे आहेत.

कारण 3,700 मीटरवर उभं राहिलं की पृथ्वीच्या वातावरणाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तुमच्या पायाखाली गेलेला असतो. हवेला वजन असतं आणि ती दाबली जाते, त्यामुळे तिचा दाट थर समुद्रसपाटीजवळ साचतो. वर ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, ते तिथेही 21 टक्केच असतं. पण प्रत्येक श्वासात हवाच कमी येते, मुंबईतल्या श्वासाच्या जेमतेम 63 टक्के.

मग शरीर काय करतं? मानेत, मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांच्या फाट्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन ग्रंथी आहेत. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या क्षणात ओळखतात आणि श्वास वाढवायचा हुकूम सोडतात. पण जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू घाबरून श्वासाला लगाम घालतो. एकीकडून टाच आणि दुसरीकडून लगाम अशी ही ओढाताण मूत्रपिंडं सोडवतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकू लागतात आणि रक्त ताळ्यावर येतं. उंचीवर पहिल्या रात्री वारंवार उठावं लागतं, त्याला थंडीइतकंच हेही कारण असतं. या कामाला एक-दोन दिवस तरी लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. या कामाची गती पैशाने वाढत नाही.

आता बसचं वेळापत्रक या कामाशी ताडून पाहा. मुंबई-पुण्याहून रेल्वेने स्लीपरच्या डब्यातून हरिद्वार. तिथून किंवा ऋषिकेशहून पहाटे सुटणाऱ्या बसने गंगेच्या, मग अलकनंदेच्या काठाकाठाने रुद्रप्रयाग, तिथून मंदाकिनी धरून ऊखीमठ. पहिली रात्र इथे, सुमारे 1,300 मीटरवर. केदारनाथाची हिवाळी गादी याच गावात असते, त्यामुळे यात्रेकरूंसाठी साध्या खोल्या आहेत, आणि गर्दी ओसरल्यावर भावही उतरतात. दुसऱ्या दिवशी तीसेक किलोमीटरवरच्या चोपत्याला शेअर जीपने जायचं, संध्याकाळी बुग्यालावर, म्हणजे तिथल्या गवताळ कुरणावर, रमतगमत फिरायचं आणि झोपायचं. तिसऱ्या दिवशी चढाई. विमानाने डेहराडूनला उतरून थेट टॅक्सी केली तर मुंबईचा माणूस त्याच रात्री चोपत्यात असतो. अनेकांना तेही निभावतं, पण अनेकांचं डोकं रात्रभर ठणकतं, आणि त्यासाठी त्यांनी कितीतरी जास्त पैसे मोजलेले असतात.

पहाटे चारला निघायचं. सूर्योदय दिसतो हे खरं, पण याला हवेचंही कारण आहे. रात्री उतारावरची थंड हवा जड होऊन दरीत सरकते आणि शिखरं मोकळी होतात. ऊन चढलं की तेच उतार तापतात, दरीतली दमट हवा वर चढते, थंडावते आणि दुपारपर्यंत तिचे ढग होतात. म्हणून सकाळी सहाला चौखंबा (7,138 मीटर), केदारनाथ शिखर, त्रिशूळ, दूरवरची नंदादेवी (7,816 मीटर) असा सगळा पट डोळ्यांसमोर असतो, आणि जेवणवेळेला पोचलेल्याच्या वाट्याला बऱ्याचदा धुकं येतं. पहिला किरण सर्वांत उंच माथ्यांना शिवतो, तोही तांबूस होऊन. वातावरणातून आडवा, लांबचा प्रवास करताना त्याच्यातला निळा रंग वाटेतच विखुरलेला असतो.

येताना उजेडात झाडांकडे बघा. या वाटेवरचं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण म्हणजे बुरांस. चोपत्याच्या आसपास तो चांगला वृक्ष आहे, खर्सू ओकच्या सोबतीने वाढलेला, वसंतात लालभडक फुलांनी डवरणारा. तासभर वर गेलं की त्याच ऱ्होडोडेंड्रॉन कुळातली दुसरी जात लागते. तिची खोडं जमिनीलगत वाकून मग उभी राहतात, कारण दर हिवाळ्यात बर्फ त्यांच्यावर बसतं. सुमारे 3,300 मीटरवर वृक्षरेषा संपते. त्याच्या वर तिसरी जात, सुवासिक पानांचं गुडघाभर झुडूप. एकाच कुळाने थंडीपुढे किती नमतं घ्यायचं ते काही किलोमीटरच्या अंतरात ठरवलेलं दिसतं. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं आणि झाडाला लाकूड घडवायला पुरेसा उबदार हंगाम लागतो. तो जिथे मिळेनासा होतो तिथे वृक्ष थांबतात आणि गवत पुढे जातं. हेमवती नंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठाच्या उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राचं एक ठाणं याच वाटेवर आहे. तिथे उंचावरच्या औषधी वनस्पतींचा अभ्यास चालतो. दगडांच्या खाचांत शेपूट नसलेला पिका दिसला तर थांबा. तो उंदरासारखा दिसत असला तरी सशांच्या गोत्रातला आहे.

प्रयोगासाठी ऋषिकेशला वेफर्सची दहा रुपयांची पुडी घ्या आणि फोडू नका. चोपत्यात ती फुगलेली असते, चंद्रशिलेवर ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली. आतली हवा सखल प्रदेशातली आहे आणि बाहेरचा दाब तिथल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. माथ्यावर रिकामी बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत टाका, ऋषिकेशला येईतो ती चेपून जवळपास दोन तृतीयांश उरते. तुंगनाथच्या टपरीवरचा चहा उकळताना नीट पाहा. पाणी तिथे 88 अंशांच्या आसपासच खदखदू लागतं, म्हणून चहा लगेच पिता येतो आणि डाळ मात्र कुकरशिवाय शिजत नाही.

कपडे विकत घेऊ नका. घरातलेच पातळ थर एकावर एक चढवायचे, अंगाला लागून सुती बनियन नको, कारण घामाने भिजलेलं सूत माथ्यावरच्या वाऱ्यात गारठवतं. वरून वारा अडवणारं काहीतरी आणि कानटोपी. उन्हाची टोपी आणि काळा चष्माही हवाच, हवा विरळ झाली की अतिनील किरणं जास्त पोचतात. काठी चोपत्यात भाड्याने मिळते. वनखात्याची पावती आणि रात्रीची खोली यांचे पैसे बाजूला ठेवा, बाकी खर्च पोटाचा.

हंगाम ऑक्टोबरचा. पावसाने आकाश धुतलेलं असतं, दरडींची भीती ओसरलेली असते आणि देऊळ अजून उघडं असतं. दिवाळीच्या सुमारास तुंगनाथाची डोली हिवाळ्यासाठी मक्कूमठला उतरते आणि पुढे वाट बर्फाखाली जाते. तेव्हा जायचंच असेल तर स्थानिक वाटाड्याच्या पैशात काटकसर करू नका. वर जाताना डोकं दुखून मळमळायला लागलं, तोल जाऊ लागला, तर टोक राहू द्या आणि त्याच पावली उतरा. त्यावर पहिला इलाज हाच, आणि तो फुकट आहे. ठीक असाल तर दुपारी बारापर्यंत चोपत्याला पोचा, ऊखीमठची जीप भरण्याआधी. उशीर झाला की अख्खी जीप एकट्याने करावी लागते.