जेवढे येईल तेवढे पुढे

हृदय हा एक पंप नसून एकाच पिशवीत शेजारी शेजारी चालणारे दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. डावा पंप फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन आलेले रक्त महारोहिणीमार्गे सगळ्या शरीराला पुरवतो. प्रत्येक पंपाला दोन कप्पे असतात : वर पातळ भिंतीची कर्णिका आणि खाली जाड भिंतीची जवनिका. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या रक्ताला फारसा अडथळा करत नाहीत, त्यामुळे उजव्या जवनिकेचे काम पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर दाबावर भागते. डाव्या जवनिकेला मात्र १२०पर्यंत दाब निर्माण करावा लागतो, म्हणून तिची भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड असते.

ताकदीत एवढा फरक असला तरी दोघींनी ढकललेले रक्त सारखेच भरावे लागते. समजा, उजवीने दर ठोक्याला डावीपेक्षा एकच मिलिलिटर रक्त जास्त पाठवले, तर मिनिटाला सत्तर मिलिलिटर आणि अर्ध्या तासात दोन लिटर रक्त फुप्फुसांत साचेल. शरीरात एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास असते, तेव्हा माणूस त्याआधीच गुदमरेल. निरोगी माणसात असे आयुष्यभर घडत नाही. हा हिशेब कोण ठेवतो, हे पाहण्याआधी एक ठोका नीट पाहायला हवा.

मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद मिळतात. सुरुवात उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागातल्या, वरची महानीला जिथे उघडते त्या जागेजवळच्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात होते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. या पेशी कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. त्यांच्यातला विद्युतभार आपोआप चढत जातो, ठरावीक पातळीला पोचला की लहर सुटते, आणि चक्र पुन्हा सुरू होते. लहर दोन्ही कर्णिकांत पसरते आणि जवनिकांच्या वेशीवर सेकंदाच्या दहाव्या हिस्स्याएवढी थबकते. हा उशीर कामाचा आहे. जवनिका तोवर बऱ्याचशा भरलेल्या असतात, आणि आकुंचन पावणाऱ्या कर्णिका उरलेली भर या वेळात घालतात.

मग जवनिका आवळतात. कर्णिकांकडच्या झडपा मिटतात. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ‘लब’ तो हाच. क्षणभर सगळ्याच झडपा बंद असतात आणि आतला दाब झपाट्याने चढतो. महारोहिणीतला दाब साधारण ८० असतो. जवनिकेतला दाब त्यापुढे गेला की महारोहिणीची झडप उघडते आणि रक्त बाहेर पडते. जवनिकेत असलेल्या सुमारे १२० मिलिलिटरपैकी ७० बाहेर जाते, ५० आतच राहते. स्नायू सैल पडला की बाहेरची झडप मिटते, तो ‘डब’. हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःसाठी लागणारे रक्तही मुख्यतः या सैलावलेल्या काळातच मिळते, कारण आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्याही चेपल्या जातात. ठोके फार वाढले की आधी हाच काळ आखडतो. अडलेल्या रोहिण्यांच्या रुग्णाला धाप आणि छातीत कळ एकदम का येते, याचे एक कारण हे आहे.

सत्तर मिलिलिटर गुणिले बहात्तर म्हणजे मिनिटाला पाच लिटर. असाच गुणाकार विल्यम हार्वेने १६२८ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. इतके रक्त खाल्लेल्या अन्नातून सतत नव्याने तयार होणे शक्य नाही, तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष.

दोन पंपांच्या हिशेबाचे कोडे सुटायला विसावे शतक उजाडले. ओटो फ्रांक याने १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर त्याचा धागा पकडला होता. लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग आणि सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये कुत्र्याच्या हृदयाचा मज्जासंस्थेशी संबंध तोडला आणि त्यात येणारे रक्त एका टाकीतून हवे तसे कमीजास्त केले. आवक वाढवली की हृदय आधी फुगे, आणि थोड्याच ठोक्यांत जावकही तितकीच होई. हृदयाचा स्नायू जितका ताणून भरतो, तितका तो पुढच्या ठोक्याला, एका मर्यादेपर्यंत, जोरात आवळतो. ताणलेल्या तंतूंवर कॅल्शियमचा परिणामही अधिक होतो. उजवीने जास्त पाठवले, तर डावी जास्त भरते आणि आपसूक जास्त ढकलते. वेगळा हिशेबनीस लागतच नाही.

यातून निघणारी गोष्ट समजुतीच्या उलट आहे. किती रक्त फिरवायचे, हे बहुतांशी हृदय ठरवत नाही. विहिरीवरचा पंप कितीही अश्वशक्तीचा असो, झऱ्यांतून येईल तेवढेच पाणी तो उपसणार. इथले झरे म्हणजे शरीरातल्या ऊती. राबणाऱ्या स्नायूतल्या बारीक रोहिण्या रुंदावतात, पोटऱ्यांचे स्नायू नीलांमधले रक्त पिळून वर ढकलतात, आणि हृदयाकडची आवक वाढते.

मज्जासंस्था या व्यवस्थेवर लगाम ठेवते. हृदयातल्या त्या पुंजक्याची स्वतःची गती मिनिटाला शंभराच्या आसपास असते. व्हेगस मज्जातंतू ती दाबून सत्तरवर आणतो. जिना चढायला लागले की आधी हा लगाम सैल होतो, मग सिम्पथेटिक तंतू आणि ॲड्रेनॅलिन गती आणि जोर दोन्ही वाढवतात. ओटो लोवी याने १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा दुसरेही मंदावले. मज्जातंतू रसायनांतून बोलतात याचा तो पुरावा होता. जोराच्या व्यायामात तरुण माणसाचे हृदय मिनिटाला वीस-पंचवीस लिटरपर्यंत रक्त फिरवते. अंथरुणातून एकदम उठल्यावर अर्धा लिटरभर रक्त पायांकडे उतरते, तेव्हा मानेतल्या रोहिणीतले दाबमापक काही क्षणांत ठोके वाढवतात. वयोमानाने हे काम मंदावले की घेरी येते.

प्रत्यारोपित हृदयात व्हेगस आणि सिम्पथेटिक तंतू कापलेले असतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये भारतातला पहिला प्रयत्न केला, तो रुग्ण काही तासांतच दगावला. आज प्रत्यारोपणानंतर वर्षानुवर्षे जगणाऱ्या रुग्णांची नाडी विश्रांतीतही नव्वदच्या वर राहते. चालायला लागल्यावर ती लगेच वाढत नाही. पहिली काही मिनिटे आवक वाढल्याने वाढलेला जोरच कामी येतो, मग रक्तातले ॲड्रेनॅलिन पोचते.

हृदयाच्या टूडी इको तपासणीच्या कागदावर ‘ईएफ’ म्हणून छापलेला आकडा म्हणजे भरलेल्या रक्तापैकी बाहेर गेलेला हिस्सा. वरच्या हिशेबाने १२०पैकी ७०, म्हणजे ५८ टक्के. ५५ ते ७० सामान्य धरतात. आकडा चाळीसच्या खाली गेला, तर आकुंचनाची ताकद कमी झाली असे समजतात. पण आकडा चांगला असूनही धाप लागणारे रुग्ण पुष्कळ असतात. उच्च रक्तदाबाने किंवा मधुमेहाने भिंत ताठर झालेली असते, जवनिका मुळात कमी भरते, आणि थोड्याचे साठ टक्के ते थोडेच.