न झिजणाऱ्या यंत्राची दुरुस्ती

सायकलची साखळी झिजते, पंखा कुरकुरू लागतो. संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, मात्र गंजत नाही की झिजत नाही. मग एकदा नीट चाललेले सॉफ्टवेअर चालू ठेवण्यासाठी माणसांना एवढे का खपावे लागते?

एक उदाहरण पाहू. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण प्रथमच झेपावला आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्यावरचे चार उपग्रहही गेले. दोष इंजिनात नव्हता. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली जुन्या एरियान-४ वरून घेतलेली होती. आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या तीत १६ बिटांच्या जागेत बसवली जाई. या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ च्या उड्डाणात तेवढी संख्या कधी येतच नसे. एरियान-५ चा आडवा वेग सुरुवातीपासूनच बराच जास्त होता. संख्या मावली नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने तीही बंद पडली.

विशेष म्हणजे एरियान-५ ला उड्डाणानंतर या गणिताची गरजच नव्हती. पण चांगल्या चाललेल्या आज्ञावलीला हात लावू नये, म्हणून ते तसेच राहू दिले होते!

आज्ञावली बदलली नाही, भोवतालचे जग बदलले. मेयर लेमन यांनी १९७० च्या दशकातच सांगितले होते, की वापरातील आज्ञावली सतत जुळवून घेतली नाही तर तिची उपयुक्तता घटत जाते.

मग बदल अवघड का? एक कारण जोडण्यांचे. १० भागांत ४५ जोड्या होतात, २० भागांत १९०. भाग दुप्पट झाले, पण तपासायच्या जोड्या चौपटीहून अधिक! दुसरे कारण माणसांचे. आज्ञावलीत 'काय करायचे' ते लिहिलेले असते. 'असेच का' हे बहुधा लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहते. तो माणूस गेला, की ते ज्ञानही जाते.

आपल्या शाळेचे वेळापत्रक आठवा. ते करणारे सर निवृत्त होतात. नवे शिक्षक सहावीचा एक तास हलवतात आणि प्रयोगशाळेत दोन वर्ग समोरासमोर येतात. तो तास तिथे का होता, हे कुणीच लिहून ठेवलेले नसते.

उपाय साधे आहेत, पण कंटाळवाणे: प्रत्येक निर्णयाशेजारी कारण लिहिणे, प्रत्येक बदलानंतर जुन्या चाचण्या पुन्हा घेणे आणि नको असलेले काढून टाकणे. विद्यार्थ्यांना स्वतःचीच आज्ञावली महिन्याभराने वाचायला द्या. 'हे मी असे का लिहिले?' हा प्रश्न त्यांना पडला, की या लेखाचा विषय त्यांना कळला असे आम्ही समजू.