सहलीतील खाऊ आणि बालकांचे पोषण

लखनौच्या गोमती नगर परिसरात ३७६ एकरांवर विस्तारलेले जनेश्वर मिश्र उद्यान २०१४ मध्ये जनतेसाठी खुले झाले. उद्यान, नदीकाठ, आंबेडकर स्मारक असा सुटीचा दिवस मुलांसह घालवायचा म्हटले की खाणे ओघानेच येते. चिप्सची पाकिटे, शीतपेये, तळलेल्या टिक्क्या हाताशीच असतात.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या विनियमांनी शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या परिसरात मेद, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. उद्याने या कक्षेत येत नाहीत. परिणामी, सोमवार ते शनिवार शाळेत मिळणारे संरक्षण रविवारी पूर्णतः पालकांच्या निवडीवर अवलंबून राहते.

या निवडीला राष्ट्रीय संदर्भ आहे. पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. त्याच पाहणीत ३५.५ टक्के बालके खुजी होती. कुपोषणाचे हे दुहेरी ओझे होय. भरपूर उष्मांक आणि अल्प पोषणद्रव्ये असलेला खाऊ दोन्ही बाजूंनी हानी करतो.

साखरेचा हिशेब पाहावा. सात ते नऊ वर्षांच्या बालकाची दैनंदिन गरज सुमारे १७०० किलोकॅलरी आहे. मुक्त शर्करेपासून मिळणारी ऊर्जा दहा टक्क्यांच्या आत, शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. म्हणजे अनुक्रमे सुमारे ४२ आणि २१ ग्रॅम. कोला पेयात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ग्रॅमहून अधिक साखर असते. २५० मिलिलिटरच्या एका बाटलीतच पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते! पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा असतो; त्याला अडीचने गुणल्यास मिठाचे प्रमाण कळते.

तळणाच्या तेलाचा प्रश्न अधिक अवघड आहे. वारंवार तापवलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांसाठी २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, परंतु ती ग्राहकाला डोळ्यांनी मोजता येत नाही. काळसर, दाट, धुरकट तेल दिसल्यास तो पदार्थ टाळणेच श्रेयस्कर.

पर्यायांसाठी महागड्या ‘हेल्थ फूड’कडे वळण्याचे कारण नाही. उत्तरेकडील खाद्यपरंपरेतच फुटाणे, भाजलेले मखाने, मक्याचे कणीस, हिवाळ्यात भाजलेली रताळी आहेत. उन्हाळ्यात काकडी आणि लखनौजवळच्या मलिहाबादचा दशहरी आंबा असतो. उकडलेल्या मटाराची चाट, शेव व मीठ कमी घालून, मुलांना आवडते आणि प्रथिनेही देते. फळे मात्र कापून उघड्यावर ठेवलेली घेऊ नयेत. अखंड फळे घरूनच धुऊन न्यावीत. अगदी लहान मुलांना फुटाणे वा शेंगदाणे अख्खे दिल्यास ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

निघण्यापूर्वी घरी थोडे खाऊन घेतलेले आणि पाण्याची बाटली सोबत असलेले मूल शीतपेयासाठी हट्ट धरण्याची शक्यता कमी असते, कारण तहानेची गल्लत अनेकदा गोड पेयाच्या इच्छेशी होते.